वाळीत, तरी वस्तीत

सुरत-भुसावळ लोहमार्गावर ख्रिस्ती माणसाची दोन निराळी आयुष्ये भेटतात. भुसावळला रेल्वेच्या नोकरीमुळे गोव्याकडचे, तमिळ, अँग्लो-इंडियन असे ख्रिस्ती लोक आले आणि राहिले. त्यांची चर्चे शहराच्या ओळखीत मुरून गेली. सेंट अलॉयसियस शाळेत पोराला घालायचे म्हटले की लेवा पाटलांपासून मारवाड्यांपर्यंत कोणालाच त्यात धर्म बुडाल्यासारखे वाटत नाही. याच मार्गावर पश्चिमेला निघाले की नवापूर तालुक्यातले चिंचपाडा स्थानक लागते. तिथल्या पाड्यांवरचा मावची किंवा गावित ख्रिस्ती रविवारी ज्या पत्र्याच्या छपराखाली जमतो, त्या छपराची चर्चा थेट विधानसभेत होते. जुलै २०२५ मध्ये धुळे शहराच्या आमदारांनी धुळे-नंदुरबारमधल्या चर्चांचा प्रश्न सभागृहात मांडला आणि अनधिकृत ठरतील ती बांधकामे चौकशी करून सहा महिन्यांत पाडली जातील, असे महसूलमंत्र्यांनी सांगितले. (नंदुरबार हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे या विषयात दोघांना वेगळे काढता येत नाही.) एकाच रेल्वेमार्गावरचे, एकाच प्रभूचे नाव घेणारे हे दोघे; एकाकडे कोणी वळून बघत नाही, दुसऱ्याची प्रार्थना कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होते. याचा अर्थ उघड आहे. खानदेशात ख्रिस्ती असण्याला फारसा विरोध नाही, ख्रिस्ती होण्याला आहे.

हा फरक आधी ध्यानात घेतला नाही, तर ‘विश्वासासाठी सोसलेला छळ’ हा विषय आपल्याकडे नेहमीच परक्या चित्रांतून मांडला जातो. रविवारच्या प्रवचनांत सिंहांचे आखाडे, नीरोच्या मशाली, कोलोसियम असे सगळे येते. जे बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाही ते नेमके येते, आणि रोज वाट्याला येते ते राहून जाते. रोमन छळाचीसुद्धा कागदोपत्री बाजू अधिक बोलकी आहे. इसवी सन ११२ च्या सुमाराला बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले की या लोकांचे करायचे काय. जे नाकारतात, देवांपुढे धूप जाळतात, त्यांना तो सोडून देत होता. सन २५० मध्ये डेशियस बादशहाने प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे, असा हुकूम काढला. इजिप्तच्या वाळूत त्यातली चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे सापडली आहेत. नाव, गाव, कोणाचा मुलगा, अर्पण केले, साक्षीदार. सत्तेला तिथे माणसाचा जीव नको होता. एक सही हवी होती, रांगेत परत येऊन उभे राहणे हवे होते. महाराष्ट्रात हे काम राजाने क्वचितच केले. ते जातीने केले, भाऊबंदांनी केले, गावाने केले, आणि त्याचे हत्यार होते वाळीत टाकणे. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी मुलखातल्या ख्रिस्ती सोसण्याचा इतिहास हा मुख्यतः बहिष्काराचा इतिहास आहे. म्हणून इथे टिकून राहणे म्हणजे मरणाला सामोरे जाणे कमी आणि ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्याच शेजारी राहत जगणे जास्त. ‘धीर’ म्हणून आपण ज्याचा अनुवाद करतो त्या नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही ओझ्याखालून न निसटता तिथेच राहणे, असाच आहे.

एकोणिसाव्या शतकातला पुरावा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण, मिशनच्या घरी राहणारा. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात दिला गेला. खरा वाद पुढे पेटला: मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचे की नाही? घ्यावे, म्हणून उभे राहिले ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले आणि जांभेकरांना स्वतःलाच जातीचा रोष सोसावा लागला. म्हणजे बहिष्काराचा पट्टा बाटलेल्यापुरता नव्हता, त्याला परत घ्या म्हणणाऱ्यालाही तो बसे. त्याच काळात १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा, पाव खायचा, पण गुपचूप. पुरेशी माणसे जमली की मग उघड व्हायचे. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेल्याची बातमी फुटली आणि सभा विरून गेली. कोणाला मार बसला नव्हता, तुरुंग तर दूरच. नाव कळेल एवढी भीती पुरली. या सभेत काही काळ वावरलेले बाबा पदमनजी मात्र १८५४ मध्ये बेळगावला उघडपणे ख्रिस्ती झाले आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या कचरण्यासकट सगळा प्रवास सांगितला. हे पुस्तक वाचताना जाणवते की त्यांचा सगळ्यात मोठा झगडा मताशी नव्हता. मत कधीच पटले होते. झगडा होता तो आईबापांच्या चेहऱ्याशी. आणि ज्यांना धर्म बदलायचाच नव्हता त्यांचे काय झाले, हे १८९० च्या पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या चहाने दाखवले. तिथे चहा घेतला म्हणून, किंवा नुसता पुढे आला म्हणून, रानडे आणि टिळक यांच्यासह चाळीसेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य झाले. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, लोकमान्यांनाही त्यातून वाट काढावी लागली. पुढे उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झालेला माणूस जिथे वाकला, तिथे खेड्यातल्या निरक्षर कुटुंबावर काय दाब येत असेल याचे माप यातून मिळते.

कायद्याने यात दोन दारे उघडली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे ठरले. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितास, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, विवाहबंधन सोडवून घेण्याची सोय झाली. पहिल्या कायद्याने शेत वाचले. पण त्या शेतावर बैल कोण देणार आणि सुगीला मजूर कोण येणार, हे कायद्याच्या हाती नव्हते. दुसऱ्या कायद्याची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या आणि त्यांच्या लेखी हा वज्राघात होता. टिळकांनी कायद्याचा तो मार्ग धरला नाही. चारपाच वर्षे ताटातूट झाली, मग लक्ष्मीबाई आल्या, तरी त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. सन १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ला आपण विनोदाचे आणि साध्या भाषेचे पुस्तक म्हणून गौरवतो. छळाच्या साहित्यातही त्याची जागा फार वरची आहे असे मला वाटते, कारण त्यात एकही खलपुरुष नाही. ज्यांनी दुखावले ते सगळे नात्यातले, मायेचे, आणि आपापल्या परीने बरोबर. पंडिता रमाबाईंचे दुखणे निराळे होते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या भगिनीसंघाने आणि बिशपांनी त्यांना आज्ञाधारक शिष्या करू पाहिले आणि त्यांनी ते जुमानले नाही. इकडे १८९३ मध्ये त्यांच्या शारदासदनातल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात असा गहजब होऊन अनेक मुली काढून नेल्या गेल्या, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले. दोन्ही बाजूंनी एकटे पडलेल्या या बाईंना ‘छळ सोसणारी ख्रिस्ती स्त्री’ म्हणायचे तर छळणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसे मोजावी लागतील.

ही झाली लिहित्या-वाचत्या वर्गाची गोष्ट. महार-मांग वस्त्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांच्याकडे गमावण्यासारखी प्रतिष्ठा नव्हती, बलुते होते. गावकीची कामे, त्यांतही मेलेल्या ढोरांची आणि देवाच्या विधींची, नाकारली की वर्षाचे धान्य तुटे. पाणी तर आधीच तुटलेले. याला मिशनांनी शोधलेला उपाय म्हणजे वेगळी वस्ती. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ निजामाच्या राज्यात जमीन मिळवून बेथेल वसवले ते प्रामुख्याने मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. खानदेशाच्या शेजारचाच हा प्रयोग. त्यामुळे माणसे वाचली, शिकली, हे कबूल केले पाहिजे. पण किंमतही पडली. ख्रिस्ती म्हणजे कंपाउंडातला, साहेबाच्या आश्रयाचा, ही गावाची समजूत पक्की झाली. आणि शेजाऱ्याशी भांडून-बोलून, लग्नाकार्यात मदत करून जे ऋण जमते ते जमलेच नाही. आज ‘हे लोक आपले नाहीत’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा त्या वाक्याला या कुंपणांनीही थोडे पाणी घातले आहे. सातपुड्यात असे कुंपण घालणे मुळात शक्यच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन वळणाची मिशने पश्चिम खानदेशात भिल्लांमध्ये कामाला लागली, दवाखाने-वसतिगृहे निघाली, पण माणसे राहिली ती आपापल्या पाड्यावर, आपल्याच भावकीच्या शेताच्या बांधाला बांध लावून. म्हणून खानदेशचा प्रश्न शहरी ख्रिस्ती समाजाच्या प्रश्नाहून वेगळा आणि मला वाटते अधिक मूळ स्वरूपाचा आहे.

कारण इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो पोकळ नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबारमध्ये ६९ टक्क्यांच्या वर, धुळ्यात ३१ च्या वर, जळगावात १४ च्या आसपास आहे. या समाजांचा धर्म एकट्यादुकट्याच्या श्रद्धेचा नाही. वाघदेव पुजायचा तो सगळ्या गावाने, होळी पेटवायची ती सगळ्या गावाने, नवे धान्य खायचे ते देवाला दाखवून सगळ्यांनी एकत्र. वर्गणी घरटी असते. एक घर म्हणाले की आम्ही देणार नाही, तर ते घर पाचपन्नास रुपये वाचवत नाही, गावाच्या समजुतीप्रमाणे ते अख्ख्या गावाला रोगराईच्या आणि अवर्षणाच्या तोंडी देते. तेव्हा ‘माझा धर्म ही माझी खासगी बाब’ हे शहरी वाक्य तिथे कोणालाच कळत नाही, ख्रिस्ती झालेल्यालाही पुरते कळत नसते. चर्चच्या पुस्तिकांत हा ताण ‘सैतानाचा विरोध’ म्हणून दोन ओळींत निकालात निघतो, ते मला अप्रामाणिक वाटते. गावाला खरेच काहीतरी दुखते आहे. पण दुखणे खरे असले म्हणून त्यावरचा उपाय योग्य ठरत नाही. १९३८ मध्ये तळोदा तालुक्यातून गुला महाराजांची ‘आप’ चळवळ उठली. रोज आंघोळ करा, दारू सोडा, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा. हजारो भिल्लांनी पिढीजात चाली मोडल्या. पुढे भजनी मंडळे आली, गळ्यात माळ आली, माळकऱ्याने बोकडाच्या प्रसादाकडे पाठ फिरवली. दारूशिवाय ज्यांचा एक विधी होत नव्हता त्यांच्यातले हे सगळे बदल गावाने कुरकुरत का होईना पचवले. सामूहिक धर्म मोडतो हीच हरकत असती, तर ती माळकऱ्यालाही तितकीच लागू व्हायला हवी होती. लागू झाली नाही. म्हणजे दुखते त्यात चाल मोडण्यापेक्षा आणखी काही मिसळले आहे, आणि ते बाहेरून आणून मिसळले गेले. डिसेंबर १९९८ च्या नाताळात नवापूरच्या शेजारी डांगमध्ये चर्चे जाळली गेली; १० जानेवारी १९९९ ला पंतप्रधान वाजपेयी तिथे जाऊन आले आणि धर्मांतरावर देशव्यापी चर्चा व्हावी असे म्हणाले. जाळपोळीवर चर्चा व्हावी असे तेव्हा कोणाला सुचले नाही. तेव्हापासून डोंगरातल्या वर्गणीच्या भांडणाला मैदानातली भाषा मिळाली.

दुसरा आक्षेप आमिषाचा. धान्यासाठी, औषधासाठी, शाळेसाठी माणसे ख्रिस्ती झाली. तेव्हा पुढे जे भोगावे लागले त्याला छळ कशाला म्हणायचे? यातला इतिहासाचा भाग नाकारण्यात अर्थ नाही. १८७६-७८ चा दुष्काळ आणि त्याहून खानदेशाला भोवलेला छप्पन्नचा, म्हणजे १८९९-१९००चा, या दोन्हींत मिशनांच्या अन्नछत्रांतून आणि अनाथालयांतून पुष्कळ माणसे चर्चमध्ये आली. पोटासाठी आली असेही म्हणावे. पण धान्य त्या वर्षी संपले. नातू-पणतू आजही राहिले आहेत, आणि राहण्याचा खर्च सोसून राहिले आहेत. आजच्या घडीला तर आमिषाचा हिशेब उलटाच लागतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. आदिवासीच्या जात नाहीत, म्हणून तर त्याही काढा ही मागणी जोर धरते आहे. राज्य एका बाजूने परत येणाऱ्याला सवलत देते आणि जाणाऱ्याची काढते, तेव्हा आमिष या शब्दाचा वापर जरा सांभाळून व्हायला हवा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस प्रकरणात म्हटले की धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. त्या निकालावर मतभेद आहेत, पण तो आहे तसा मानला तरी त्यात स्वतःहून बदलणाऱ्याला पाणी तोडावे असे कुठे म्हटलेले नाही. फसवणूक झाली असेल तर फसवणाऱ्यावर खटला चालावा. फसला म्हणून ज्याची कीव करायची, त्यालाच पिठाच्या गिरणीवरून परत पाठवायचे, हे तर्काला धरून नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात बोचरा आहे: छळाविषयी ख्रिस्ती लोकांनी बोलावे? गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षे सोडता, धर्मसभेचे न्यायपीठ (इन्क्विझिशन) चालू होते. देवळे पाडली गेली, नवख्रिस्ती घरांत तुळस दिसली तरी चौकशी होई. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यांत मोगल दरबारी जाऊन आलेला रुडोल्फ अक्वाविवा होता. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. चर्चने १८९३ मध्ये पहिल्या पाचांना धन्य घोषित केले. गावप्रमुखांचे स्मारक उभे राहायला २००३ उजाडावे लागले. आपली देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या सोबतीने आलेल्यांवर जे तुटून पडले त्यांनाही आपल्या श्रद्धेसाठी सोसलेले म्हणायला हवे, आणि हे ख्रिस्ती लेखकांनी आधी म्हणायला हवे. या आक्षेपाने ख्रिस्ती माणसाची तक्रार खोटी ठरत नाही. ठरते ते एवढेच की सोसल्याने कोणतीही जमात आपोआप शुद्ध होत नाही, तलवार हाती आली की तीही चालवते. खानदेशातल्या मावची ख्रिस्त्याच्या हाती तलवार कधीच नव्हती हे खरे, पण मंडळीतून बाहेर काढण्याचे हत्यार त्याच्याही पाळकाच्या हाती असते, आणि परजातीत लग्न केले, दुसऱ्या पंथाच्या सभेला गेला, एवढ्यावरून ते उगारले जाते.

म्हणून पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातली एक सूचना मला या विषयाची किल्ली वाटते. ख्रिस्ती म्हणून सोसावे लागले तर लाज वाटू नये, असे म्हणताना लेखक आधी एक यादी देतो: खुनी म्हणून, चोर म्हणून सोसू नका, आणि शेवटी, दुसऱ्याच्या कारभारात लुडबूड करणारा म्हणूनही नको. चोरीच्या शेजारी लुडबूड! पहिल्या शतकात मंडळ्यांना मिळालेला सगळा मार विश्वासाबद्दलचा नव्हता, काही आगाऊपणाबद्दलचाही होता, हे त्या लेखकाला ठाऊक होते. आपल्याकडे ही चाळणी लावायची तर गावदेवाला सैतान म्हणणारे भाषण, दुसऱ्याच्या देवाच्या दगडाला लावलेला पाय, चंगाई सभेत ‘औषध फेकून दे’ असा दिलेला सल्ला, हे सगळे चाळणीच्या वर राहील. क्षयाच्या रुग्णाचे औषध सोडवणारा पाळक २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सापडला तर तो छळ नव्हे. गावाची आणि कायद्याची हरकत तिथे रास्त आहे. चाळणीच्या खाली जे उरते ते पुष्कळ साधे असते: घरात जमून प्रार्थना करणे, बुवाकडे न जाणे, दारू न पिणे, पोरीचे नाव रूथ ठेवणे. एवढ्यासाठी हातपंपावर येऊ नको म्हणणे, भावकीत बोलावणे बंद करणे, चार लोकांसमोर ‘सोडले’ असे लिहून मागणे हा मात्र सरळ छळ होय. खानदेशापासून बस्तरपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या तक्रारींचा हाच नमुना आहे. युनायटेड ख्रिश्चन फोरमने आपल्या मदतवाहिनीवर आलेल्या घटना मोजल्या. २०२३ मध्ये ७३४ आणि २०२४ मध्ये ८३४. ही एका संघटनेने केलेली मोजदाद आहे, न्यायालयात सिद्ध झालेली संख्या नव्हे. पण ज्या गावांतून फोनच जात नाही त्यांचा हिशेब त्यात नाही, हेही तितकेच खरे.

त्या ‘लिहून दे’चे काय करायचे, हा प्रश्न चर्चच्या इतिहासात जुना आहे आणि आपल्या मंडळ्यांत त्यावर फार कमी विचार झाला आहे. डेशियसचा छळ थांबल्यावर प्रमाणपत्र घेतलेले हजारो लोक रडत परत आले. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना कदापि घेऊ नका. सिप्रियनने पश्चात्तापाची मुदत घालून दार उघडे ठेवले, आणि पुढच्या छळात, २५८ मध्ये, त्याने स्वतः मान दिली. जपानचे उदाहरण याहून जवळचे, कारण त्यात एक मराठी मुलखातला माणूस आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मेले. १८६२ मध्ये ते संतपदाला पोहोचले. वसईला त्यांचे नाव आहे, कॉलेज आहे. परंतु हुतात्म्यांच्या रक्ताने मंडळी फोफावते, हे जे सर्रास सांगितले जाते, ते जपानात खरे झाले नाही. १६१४ च्या बंदीनंतर तिथली फुललेली मंडळी जवळजवळ नाहीशी झाली. १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चच्या दारात काही खेडूत हळूच येऊन उभे राहिले. अडीचशे वर्षे लपून टिकलेल्यांचे वंशज. त्यांचे पूर्वज दरवर्षी अधिकाऱ्यांसमोर ख्रिस्ताच्या मूर्तीवर पाय ठेवत आले होते आणि घरी जाऊन क्षमा मागत होते. ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांचे वंश बहुधा उरलेच नाहीत. यावरून पाय ठेवणे बरोबर होते असा निष्कर्ष मी काढत नाही. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर पाच घरांपैकी तीन घरांनी गावापुढे कागद दिला, तर उरलेल्या दोघांनी त्यांना यहूदा म्हणावे का, याचे उत्तर देताना नागासाकीच्या दारातले ते खेडूत आठवावेत.

राहता राहिला प्रश्न: सोसायचे म्हणजे तक्रार करायची नाही का? पुष्कळ मंडळ्यांत पोलिसात जाणे हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण समजले जाते. हा समज शास्त्रातून आलेला नाही. फिलिप्पैला फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाला सकाळी गुपचूप जायला सांगितले, तेव्हा तो हलला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने बजावले. पुढे त्याने कैसराकडे अपील केले. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे जाळले गेले, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केल्याचे सांगितले आणि खटलाही चालला, शिक्षाही झाली. क्षमा हा त्यांचा अधिकार होता, खटला हे राज्याचे कर्तव्य. खानदेशाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. अन्याय सोसणे आणि अन्यायाला अन्याय म्हणणे ही दोन कामे एकाच वेळी कशी करतात, याचा पाठ या जिल्ह्याने तेव्हा पाहिला. (त्याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्मसार’ तयार केले.)

आज हाती असलेला कायदा म्हणजे ३ जुलै २०१७ पासून लागू झालेला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. बहिष्काराविरुद्ध असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, याचा आपण अभिमान बाळगतो. याआधी मुंबई राज्याने १९४९ मध्ये असा प्रयत्न केला होता, पण दाऊदी बोहरांच्या सय्यदनांच्या प्रकरणात १९६२ साली तो कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. आपल्या माणसाला बाहेर काढणे हा धर्मसमुदायाचाच हक्क, असे न्यायालयाने मानले. नव्या कायद्यातली खोच आहे ती समुदायाच्या व्याख्येत. बहिष्कार एकाच समुदायातल्या सदस्यांमधला असावा लागतो. ख्रिस्ती झालेला भिल्ल तक्रार घेऊन आला की बचाव तयार असतो: तो आमचा राहिलाच कुठे? सवलती काढून घ्या म्हणणारे हेच विचारतात. म्हणजे पोलीस ठाण्यात त्याला आपल्याला पाणी तोडले हे नंतर सिद्ध करायचे असते. आधी सिद्ध करायचे असते की आपण भिल्लच आहोत, याच गावचे आहोत. जून २०२५ मध्ये सासरच्या धर्मांतराच्या दडपणाचा आरोप असलेल्या एका गर्भवती स्त्रीच्या आत्महत्येनंतर सांगलीत एका सत्ताधारी आमदाराने धर्मप्रसारकांना मारणाऱ्याला लाखांची बक्षिसे जाहीर केली, आणि पुढच्या महिन्यात आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजाचा मोर्चा निघाला. त्या स्त्रीवर दडपण आले असेल तर तोही श्रद्धेसाठीचा छळच, आणि मोर्चाच्या फलकांवर त्यालाही जागा असायला हरकत नव्हती.

गावचा कोण आणि परका कोण, हा प्रश्न माणूस मेल्यावरही सुटत नाही. बस्तरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये एका पाळकाचा मृतदेह गावकऱ्यांनी गावात पुरू दिला नाही. तो जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला आणि मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या, कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात पुरू द्यावे. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा म्हणाले, ख्रिस्ती दफनभूमी जिथे आहे तिथे न्यावे. देह आणखी ताटकळू नये म्हणून अखेर दोघांनी मिळून वीसेक किलोमीटरवरच्या दफनभूमीचा आदेश दिला, पोलीस बंदोबस्तासह. त्या पाळकाच्या घरातली आधीची माणसे मात्र त्याच गावाच्या मातीत पुरलेली होती.